नवरीचं ताट

आलिर बूद्रोच्या तोंडात कवळी आली आणि पेतितान्स गावाची निम्मी करमणूक संपली. चाळीस वर्षं लॉब्स्टरच्या होडीवर काढलेला हा माणूस. दोर तोडायचा तो दातांनी, ओली गाठ सोडायचा ती दातांनी, आणि लग्नाकार्यात दोन पेले पोटात गेले की पैजा लावून बाटल्यांची बुचं उघडायचा तीही दातांनीच. सुरी खिशात असायची, पण सुरी काढली तर बघणार कोण? व्हायचं तेच झालं. दात एकेक करून गेले, आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी, जूनमध्ये, शहरातल्या दंतवैद्यानं उरलेले सातही काढून ट्रेमध्ये ठेवले. ऑगस्टच्या मध्यावर वरची एक, खालची एक अशा दोन कवळ्या तोंडात घालून आलिर घरी आला. हसला की पंचवीस वर्षांनी लहान दिसायचा. पण हसायला कारण नव्हतं, कारण खाता काही येत नव्हतं.

पहिल्याच दिवशी त्याच्या बायकोनं, रोझिल्दानं, मक्याची कणसं उकडली होती.

"दाणे सोलून देऊ का?" तिनं विचारलं.

"मी काय पाळण्यात आहे?" म्हणत आलिरनं कणीस दोन्ही हातांत धरलं आणि पूर्वीच्या जोरानं चावा घेतला. कणीस ताटात ठेवलं तेव्हा वरची कवळी कणसालाच चिकटून होती.

रोझिल्दा हसली नाही. हसली असती तर भांडता तरी आलं असतं. ती शांतपणे आपलं कणीस खात राहिली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, ओळीनं, एक दाणा न सोडता. आणि तिचे दात तरी कुठे खरे होते! हे सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि कुणाला त्याचं नवलही नव्हतं. आमच्या किनाऱ्यावर त्या काळी रीतच होती. पोरीचं लग्न ठरलं की बाप तिचे सगळे दात, किडके-चांगले न बघता, काढून टाकायचा आणि नवी कवळी बसवून तिला सासरी पाठवायचा. जावयाच्या डोक्याला पुढे दातांची कटकट नको. कुणी लेकीला रजया दिल्या, कुणी शिवणयंत्र दिलं, रोझिल्दाच्या बापानं दात दिले. ती तेव्हा अठरा वर्षांची होती. पन्नास वर्षांत आलिरनं या गोष्टीचा विचार केला असेल तर एवढाच, की सासरा भला माणूस होता.

आता मात्र तो रोज विचार करू लागला. समोर ही बाई बसून पावाची करकरीत कड खाते, सफरचंदाची फोड खाते, लॉब्स्टरच्या नांगीतलं मांस दोन घासांत संपवते, आणि आपल्यापुढे काय, तर रव्याची पेज! घास तोंडात घेतला की खालची कवळी होडीसारखी हेलकावायची, आणि बोलायला गेला की प्रत्येक 'स'ला शिट्टी वाजायची. बायकोच्या तोंडाचा हेवा करणारा नवरा कुणी ऐकलाय? आलिर करत होता. तिचा घास गिळून होईपर्यंत तो तिच्या जबड्याकडे बघत बसायचा, आणि त्याची पेज गार व्हायची.

"अरे, पुढच्या दातांनी तोडत जाऊ नकोस," तिनं एकदा सांगून पाहिलं. "घास लहान घे. निम्मा या गालात, निम्मा त्या गालात, आणि दोन्हीकडून एकदम चाव. मग हलत नाही."

"चौऱ्याहत्तर वर्षं जेवतोय मी. मला जेवायला शिकवतेस?"

"नको तर नको. पेज आहेच."

आलिरचा स्वतःचा सिद्धांत होता, आणि तो निघाला होता गमबुटांवरून. नवे गमबूट पहिले आठ दिवस पायाला चावतात. कोळी काय करतो? काढून ठेवतो का? मुळीच नाही. ओले झाले तरी घालून हिंडतो, त्यातच घाम गाळतो, आणि नवव्या दिवशी बूट आपोआप वळणावर येतात. तेव्हा कवळी काढायचीच नाही. दंतवैद्यानं सांगितलं होतं, रात्री काढून पाण्यात ठेवा, हिरड्यांना विसावा द्या. पण त्या पोरगेल्या दंतवैद्यानं जन्मात कधी गमबूट घातले होते? आलिर कवळी घालून झोपायचा आणि कवळी घालून उठायचा. सप्टेंबर उजाडला तेव्हा बूट वळणावर आले नव्हते, पण खालच्या हिरडीला दोन्हीकडे घट्ट्यासारखी फोडं आली होती.

आणि सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती.

सोन्याच्या लग्नाची आमच्याकडे एक रीत आहे. चर्चच्या सभागृहात अख्खा गाव जमतो, आणि बेत तोच करायचा जो पन्नास वर्षांपूर्वी होता. आलिर-रोझिल्दाच्या लग्नात पुतीन होती. पुतीन म्हणजे किसलेल्या बटाट्याचा मुठीएवढा राखाडी गोळा, पोटात खारवलेलं डुकराचं मांस, तीन तास उकडलेला, वर काकवी ओतून खायचा. बाहेरून इतका चिकट की चमचा सोडत नाही, आणि आत मांसाचे चिवट तुकडे. जेवणाआधी नवरदेवानं उभं राहून आपल्या लग्नाची गोष्ट सांगायची, मग सगळ्यांच्या देखत ताट साफ करायचं. ताटात उरलं तर पुढची वर्षं अडखळतात म्हणतात.

आलिरची गोष्ट तर गावाला पाठच होती. प्रत्येक बारशाला आणि प्रत्येक मयताला त्यानं ती सांगितली होती. "पाच पुतीन खाल्ल्या मी त्या दिवशी! तीन माझ्या, दोन हिच्या. पोरगी प्रेमात इतकी बुडालेली, की तिला घास उतरेना. आपलं ताट उचलून माझ्यापुढे ठेवलं हिनं!" असं म्हणून तो छाती फुगवायचा. त्याच्या मते त्या ताटाइतका पुरावा दुसऱ्या कुठल्या नवऱ्याला मिळाला नव्हता.

म्हणजे आता सगळं येऊन ठेपलं होतं एका पुतीनवर. पाच राहू द्या, एक तरी सगळ्यांसमोर खाता यायला हवी होती. आणि सगळ्यांसमोर म्हणजे ओविदसमोर.

ओविद हा आलिरचा चुलतभाऊ. वय सत्त्याहत्तर, लग्न केलेलं नाही, होड्या दुरुस्त करायचा धंदा, आणि तोंडात एक दाढ सोडली तर सगळे दात स्वतःचे. देव देतो ते असं देतो. ज्यानं आयुष्यात दातांनी एक दोरा तोडला नाही त्याचे दात शाबूत, आणि त्या दातांनी जेवतो कोणाबरोबर, तर एकटा बसून! लग्नाआधी एका नाताळात तो रोझिल्दाबरोबर दोनदा नाचला होता. दोनदाच. आलिरनं ते मोजून ठेवलं होतं. पण राग धरायला ओविद कधी निमित्तच द्यायचा नाही. आवाज चढवायचा नाही, पत्त्यांत लबाडी करायचा नाही, आणि दर रविवारी दुपारी हातात काहीतरी घेऊन पत्ते खेळायला हजर असायचा.

समारंभाला तीन आठवडे उरले होते त्या रविवारी तो टरफलासकट बदाम घेऊन आला. टेबलाशी बसला, एक बदाम दाढेखाली धरला आणि कट्कन फोडला. आलिरच्या मस्तकात तिडीक गेली.

"घरात अडकित्ता आहे," आलिर म्हणाला. 'स' टाळून बोलायला तो आता शिकला होता.

"असू दे. सवय आहे रे." ओविदनं गर काढून रोझिल्दाकडे सरकवला. तिनं तो घेतला, दोन्ही गालांत वाटला आणि सहज चावून टाकला.

"याला अजून जमत नाही," ती ओविदला म्हणाली. जणू आलिर खोलीतच नव्हता.

"जमेल. तुलाही कुठे लगेच जमलं होतं?"

"मला शिकवणारा होता."

एवढं बोलून तिनं ओविदकडे पाहिलं, ओविदनं तिच्याकडे, आणि दोघंही हसली. मोठ्यानं नाही. घरातली दोन माणसं घरातलंच काही आठवून हसतात तशी. आलिरच्या हातात हुकुमाचा एक्का होता, पण तो टाकायचा राहून गेला.

ओविद गेल्यावर रोझिल्दा बदामाची टरफलं गोळा करत होती. आलिर दारात उभा राहिला.

"तुला शिकवलं कोणी?"

"विचारलंस एकदाचं," ती म्हणाली. "ओविदनं."

"कधी?"

"झाली त्याला पन्नास वर्षं." आणि टरफलं चुलीत टाकून ती वाळलेले कपडे काढायला दोरीकडे गेली.

आणखी एक प्रश्न विचारला असता तर सगळं मिटलं असतं. पण विचारणं म्हणजे हरणं, अशी आलिरची समजूत. त्याऐवजी त्यानं तीन आठवडे जीव जाळला. ओविदनं शिकवलं! म्हणजे कसं शिकवलं? समोर बसून? हनुवटी धरून? आपण खाडीत जाळी ओढत होतो तेव्हा हा शहाणा आपल्याच स्वयंपाकघरात बसून आपल्या बायकोला घास भरवत होता की काय? रोझिल्दा काही खायला लागली की त्याला तिच्या शेजारी ओविद बसलेला दिसे. ती दोन्ही गालांनी चावते ते ओविदचं चावणं, घास लहान घेते तो ओविदचा घास. पन्नास वर्षं आपल्या टेबलावर दिवसातून तीनदा ओविद जेवत होता, आणि आपण त्याला मीठ पुढे करत होतो! अंगाचा नुसता तिळपापड होई. आणि ती जे सांगत होती, निम्मा इकडे, निम्मा तिकडे, ते तर आता मेला तरी तो करणार नव्हता. पुतीन खाईन तर माझ्या पद्धतीनं खाईन.

समारंभाच्या चार दिवस आधी दंतवैद्यानं फोडं बघितली आणि कपाळाला हात लावला. "रविवारपर्यंत कवळी काढून ठेवा," तो म्हणाला. आलिर दवाखान्याच्या पायऱ्या उतरला आणि गाडीत बसायच्या आधीच कवळी परत घातली. ओविद बाजारात भेटला असता तर?

रविवारी सभागृह गच्च भरलं. त्यांची मुलगी लिझान मोंक्टनहून आली होती, आणि तिनं वडिलांना चकित करायचं म्हणून लग्नातला एक जुना फोटो भिंतीएवढा मोठा करून आणला होता. घरी दिवाणखान्यात तोच फोटो चौकटीत होता, पन्नास वर्षं रोज नजरेखालून जाणारा. जेवणाच्या टेबलाशी बसलेला चोवीस वर्षांचा आलिर, समोर दोन ताटं, गाल फुगलेले. शेजारी पांढऱ्या झग्यात रोझिल्दा.

"बाबा, गोष्ट!" लिझान ओरडली, आणि टाळ्या सुरू झाल्या.

आलिर उठला. फोडं ठणकत होती. कवळी चिकटवायची पेस्ट तिप्पट थापली होती, तरी खालची कवळी हलत होतीच. "पाच पुतीन खाल्ल्या मी," त्यानं सुरुवात केली, शिट्टी वाजली, पोरं खिदळली. "तीन माझ्या, दोन हिच्या. पोरगी प्रेमात..."

बोलता बोलता त्यानं बोट फोटोकडे केलं आणि स्वतःही तिकडे पाहिलं. घरातल्या चौकटीखाली फोटोची उजवी कड दबलेली होती. इथे ती मोकळी होती. त्या कडेला, कोट टांगायच्या खोलीच्या दाराशी, एक तरुण उभा होता. ओविद.

आलिरचं रक्त उसळलं. माझ्या लग्नाच्या फोटोतसुद्धा! मग त्याला ओविदच्या हातातला वाडगा दिसला. पत्र्याचा, पांढरा, त्यात उभा चमचा. सगळे जेवायला बसलेले आणि हा एकटा वाडगा घेऊन कोटांच्या खोलीशी कशाला उभा? आलिरची नजर वाडग्यावरून रोझिल्दाकडे गेली. ती त्या दाराकडेच बघत होती. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते, खालचा जबडा जरासा पुढे, गाल आत ओढलेले. पन्नास वर्षं त्याला वाटलं होतं की पोरगी लाजली आहे. आता मात्र त्याचं स्वतःचं तोंड अगदी तसंच मिटलेलं होतं, आणि तोंड असं कशानं मिटतं हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

"...प्रेमात इतकी बुडालेली," कुणीतरी मागून पुढचं वाक्य पुरवलं. लोक हसले. आलिर खाली बसला. लोकांना वाटलं म्हातारा गहिवरला, आणि त्यांनी आणखी जोरात टाळ्या वाजवल्या.

ताटं आली. प्रत्येक ताटात दोन पुतीन, वाफाळलेल्या.

"रोझिल्दा," तो हळूच म्हणाला, "दात कधी काढले होते तुझे?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या फोटोकडे, मग परत त्याच्याकडे.

"लग्नाआधी तीन आठवडे. कवळी आदल्या दिवशी संध्याकाळी आली."

"म्हणजे त्या दिवशी..."

"हिरड्या कच्च्या होत्या रे. पाणी लागलं तरी डोळ्यांत पाणी यायचं. बापानं बजावलं होतं, आज कवळी काढायची नाही आणि रडायचं नाही, लोक काय म्हणतील."

"मग काय खाल्लंस?"

"ओविदनं दुधात पाव कुस्करून आणला, काकवी घालून. तिथे कोटांमागे उभी राहून खाल्ला. त्याच्या आईच्या तोंडात कवळी होती ना, त्याला ठाऊक होतं. म्हणाला, पोरी, निम्मा इकडे, निम्मा तिकडे."

"एकदाच?"

"एकदाच. दुसऱ्या दिवसापासून माझी मी शिकले."

आलिरनं मान खाली घातली. तीन आठवडे ज्याच्यावर दातओठ खाल्ले ते सगळं एवढंसं निघालं, एक वाडगा. आणि तरीही पोटातली आग विझली नाही, उलट आता ती बरोबर जागी जाऊन लागली. दात, नाच, ते दोघांचं हसणं, यातलं काहीच त्याला ओविदकडून नको होतं. तो वाडगा हवा होता. तो आपल्या हातात असायला हवा होता, आणि आपल्या हातात त्या वेळी काय होतं, तर हिचं ताट.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू जेवत होतास," रोझिल्दा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "फार आनंदानं जेवत होतास. म्हटलं, हे तरी वाया जायला नको."

समोरच्या टेबलावरून ओविद त्यांच्याकडे बघत होता. आलिरच्या ताटातली पुतीन अजून तशीच होती, हे त्याला दिसलं असावं, कारण त्यानं मांडीवरचा रुमाल बाजूला ठेवला, खुर्ची मागे सरकवली आणि स्वयंपाकघराच्या दिशेनं उठू लागला. तो कशाला उठतोय हे आलिरला लख्ख कळलं. एका जन्मात दोनदा? नाही.

"बस खाली!" आलिर सभागृहाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरडला. खालची कवळी निम्मी बाहेर आली, ती त्यानं अंगठ्यानं आत दाबली. "ओविद, बस! मी जातो."

ओविद परत बसला. सोन्याच्या लग्नाचा नवरदेव कोटाची बटणं सावरत टेबलांमधून वाट काढत स्वयंपाकघरात शिरला. तिथल्या बायका बाजूला झाल्या. "काय हवंय, आलिर?" "आम्ही देतो ना," म्हणत राहिल्या. त्यानं कुणाला हात लावू दिला नाही. वाडगा शोधला, पाव कुस्करला, दूध ओतलं, वर काकवीची बरणी धरली. घाईत थोडी धार टेबलावर सांडली.

वाडगा घेऊन तो परत आला आणि रोझिल्दापुढे ठेवला. तिची पुतीन निम्मी संपली होती. मांसाचा तुकडा ती चांगला मजेत चावत होती.

"अरे, आता येतं मला खाता," ती म्हणाली. "पन्नास वर्षं खातेय."

"ठाऊक आहे. तरी खा."

तिनं काटा खाली ठेवला. चमचा उचलला. पहिला घास तोंडात घेतला, निम्मा इकडे, निम्मा तिकडे, आणि डोळे मिटून सावकाश चावला, चावण्यासारखं त्यात काही नव्हतं तरी. आलिर शेजारी उभाच होता, दुकानदारानं चव घेणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसा तिच्या तोंडाकडे बघत. त्याला विचारायचं नव्हतं. विचारणं म्हणजे हरणं. पण राहवलं नाही.

"त्याच्यासारखा झालाय?"

रोझिल्दानं घास गिळला. खोटं बोलली असती तर कुणाला कळणार होतं?

"काकवी कमी पडली," ती म्हणाली. "ओविदनं जास्त घातली होती."

आलिरनं वाडगा उचलला आणि पुन्हा स्वयंपाकघराकडे निघाला.